लोड शीटमधला जुना आकडा

पुण्यात, ठाण्यात किंवा नागपुरात एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली की आपल्या टेबलावर लोड शीट येते. फ्लॅटची संख्या, प्रत्येकाचा जोडभार आणि शेवटी डायव्हर्सिटी फॅक्टर. या शेवटच्या आकड्याकडे कोणी थांबून पाहत नाही. तो मागच्या कामाच्या शीटवरून उतरवला जातो, त्यावरून रोहित्राची क्षमता ठरते आणि ते रोहित्र पुढची कित्येक वर्षे त्या इमारतीला पुरेल असे आपण धरून चालतो.

एका घरी गिझर चालू असताना शेजारी इस्त्री चालते आणि तिसऱ्या घराला कुलूप असते, हे या आकड्यामागचे गृहीतक. ते बराच काळ खरेही होते. पण शहरातल्या घरांत आता जी मोठी उपकरणे येत आहेत, ती घरातल्या माणसांच्या सवयीपेक्षा बाहेरच्या परिस्थितीवर चालतात. एसी उकाड्यावर चालतो, गाडीचा चार्जर दरपत्रकावर आणि छतावरचे पॅनल सूर्यावर. उकाडा, दर आणि ऊन सगळ्या मजल्यांवर एकाच वेळी येतात.

चार्जरचेच घ्या. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आणि शेती वगळता बाकीच्या ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावायचा, असे ठरले. धोरण रास्त आहे. दुपारची सौर वीज वाया जाता कामा नये. मात्र स्वस्त दर सुरू होण्याच्या किंवा महाग दर संपण्याच्या मिनिटाला लावलेले सगळे टायमर त्याच मिनिटाला जागे होतात. साठ गाड्या ३.३ किलोवॉटने एकदम चार्ज होऊ लागल्या तर १९८ किलोवॉट झाले. ३१५ केव्हीएच्या रोहित्रावर हा भार एसी, लिफ्ट आणि पाण्याचे पंप सोडून आहे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून घरगुती चार्जरला आपोआप थोडा उशीर करूनच सुरू व्हावे लागते, आणि हा उशीर दहा मिनिटांपर्यंत कितीही असू शकतो. प्रत्येक चार्जरचा वेगळा, म्हणून भार पसरतो. इतका स्वस्त उपाय आपल्या निविदांच्या अटींत घालायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

रात्रीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तेलाचे रोहित्र संध्याकाळचा जादा भार सोसते, कारण पहाटेपर्यंत त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. मे महिन्यात एसी रात्रभर चालले आणि त्यात चार्जिंगची भर पडली, की हा वेळ उरत नाही. साध्या कागदी इन्सुलेशनला हॉट स्पॉटचे ९८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्यावर दर ६ अंशांना झीज दुप्पट होते. ११० अंशांवर चालणारे रोहित्र एका रात्रीत चार रात्रींचे आयुष्य संपवते. त्याचा अँपिअरचा कमाल आकडा कदाचित मर्यादेतच दिसेल, म्हणून केवळ कमाल मागणी नोंदवून भागणार नाही.

सौर छतांमुळे व्होल्टेज उलट्या बाजूने बिघडते. संध्याकाळी शेवटच्या खांबावर व्होल्टेज पडते, म्हणून आपण डीपीचा टॅप वर घेतो. दुपारी त्याच लाइनवर पॅनलची वीज उलटी येते, व्होल्टेज चढते आणि इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतात. चालू डीपीवर टॅप बदलता येत नाही, त्यामुळे दुपार आणि संध्याकाळ या दोन्हींना चालेल असे ठिकाण कधी कधी सापडतच नाही. ग्राहक पॅनल बसवणाऱ्याला दोष देतो आणि तो वितरण कंपनीला.

पंतप्रधान सूर्य घर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. २०२४ च्या नियमदुरुस्तीने १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून मोकळे केले, आणि ५ किलोवॉटपर्यंत जाळे बळकट करण्याचा खर्च वितरण कंपनीवर टाकला. ग्राहकाची फरफट थांबली याचा आम्हाला आनंद आहे. पण एकेक अर्ज सुटा मंजूर होताना त्या डीपीवर एकूण किती किलोवॉट जमले, ही बेरीज कोणीतरी केलीच पाहिजे. उपविभागात प्रत्येक रोहित्रामागे सौर क्षमता, चार्जर आणि मंजूर भार यांची एकच नोंदवही असावी, आणि स्मार्ट मीटरच्या नोंदी केवळ बिलांसाठी न वापरता तिथे उतराव्यात.

सल्लागार आणि कंत्राटदारांनीही लोड शीटमध्ये एका आकड्याऐवजी तीन वेळा लिहाव्यात: एप्रिलची दुपार, मेची रात्र आणि जानेवारीतली गिझरची सकाळ. प्रत्येकीचा डायव्हर्सिटी फॅक्टर वेगळा. सोसायटीने जास्त मंजूर भार मागण्याआधी सगळ्या चार्जरवर मिळून एक मर्यादा घालणारा पॅनल बसवावा. बहुतेक गाड्यांना रात्रभर वेळ असतो, तेव्हा त्यांना पूर्ण वेगाने चार्ज करण्याची घाई नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे निवासी रोहित्रांचे एप्रिल-मे महिन्यांतले चोवीस तासांचे भार आणि तेलाच्या तापमानाचे आलेख असतील, त्यांनी ते आमच्याकडे पाठवावेत. ठिकाणांची नावे वगळून पुढच्या अंकापासून आम्ही ते छापू.