लाज सोडा, औषध सोडू नका!

१९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला. पण लैंगिक प्रश्नावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, ही भूमिका त्यांनी कोर्टात ठामपणे मांडली. त्याला नव्वद वर्षे उलटली. तरी कर्जत-खालापूरच्या आपल्या वस्त्यांत हा विषय निघाला की माना खाली जातात!

नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम अशा गोळ्यांनी मन सावरते, पण अनेकांची कामेच्छा मंदावते. पुरुषाला ताठरता येत नाही वा वीर्यपतन लांबते. स्त्रीला कोरडेपणा येतो, तृप्ती मिळत नाही. खोपोलीच्या कारखान्यातला कामगार असो की वीटभट्टीवरची बाई, हे डॉक्टरला सांगणार कोण? नवऱ्याला वाटते आपण संपलो, बायकोला वाटते याचे मन दुसरीकडे गेले. मग कुणी गुपचूप गोळ्या फेकतो, कुणी भिंतीवरची ‘गुप्तरोग’वाल्याची जाहिरात वाचून पैसे घालवतो. गोळी एकदम तोडली की चक्कर, बेचैनी, निद्रानाश मागे लागतात आणि नैराश्य पुन्हा उलटते. त्यात जीवही जातो.

वास्तविक यावर उपाय आहेत. नैराश्य, मधुमेह, दारू यांनीही इच्छा मरते. म्हणून आधी कारण शोधावे लागते. मग डॉक्टर काही आठवडे वाट पाहतात, मात्रा कमी करतात, ब्युप्रोपिऑन वा मिर्टाझापिनसारखे औषध बदलून देतात, पुरुषाला सिल्डेनाफिल देतात. मात्र हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतते. तेव्हा मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने काही घेऊ नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २२ उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला देते. म्हणजे डॉक्टरने हे सांगणे ही मेहरबानी नव्हे! रस्त्यावरच्या मनोरुग्णांना कर्जतमध्ये आधार देणाऱ्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच तालुक्यातल्या घरातला रुग्ण मात्र मुकाच राहावा काय? अलिबागचे जिल्हा रुग्णालय लांब पडते, हे खरे. पण ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक हाताशी आहे.

आमचे म्हणणे एवढेच : पुढच्या तपासणीला नवरा-बायकोने जोडीने जावे आणि डॉक्टरला सरळ विचारावे. ज्या समाजाने पाण्याचा हक्क मागितला, त्याने आपल्या शरीराविषयी विचारायला का लाजावे?