नोंदी पुरे, प्रश्न हवेत!

संक्रांतीच्या यात्रेत सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर तिच्या प्रतीकाला अग्नी दिला जातो. धर्माचे अभ्यासक नंदीध्वज, मानकरी, मिरवणूक नोंदवतात आणि म्हणतात, ‘आम्ही सिद्धांत लादत नाही.’ पण काय नोंदवायचे, हे कोण ठरवते?

दुर्खीमने १९१२ साली मांडले की विधी समाजाला बांधून ठेवतात. कबूल. पण कोणाचा बळी देऊन? योग्याचे ब्रह्मचर्य अभंग राहते, जळते ती बाई. तिची ओळखही जातीपुरतीच. हा प्रश्न नुसत्या नोंदींतून सुचत नाही. त्याला स्त्रीवादी सिद्धांतच लागतो.

मैत्रिणींनो, ‘सिद्धांत प्राध्यापकांचा, काम आपले’ ही वाटणी मोडू या. यात्रेला जाऊ, आणि विचारूही!