शिक्षकाच्या पाठीशी कोण?

उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन मुलाच्या जामिनाचे प्रकरण ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा लैंगिक शिक्षण नववीपासून नव्हे, तर त्याहून लहान वयापासून दिले जावे, असे मत न्या. संजय कुमार आणि न्या. आलोक आराधे यांच्या खंडपीठाने नोंदविले. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानेही सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार केला होता आणि त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याचा विचार करावा, असे केंद्राला सुचविले होते. न्यायालयाची दिशा स्पष्ट आहे. प्रश्न निराळाच आहे. दिल्लीत नोंदविलेले हे मत एखाद्या तालुक्याच्या शाळेत, चाळीस-पन्नास मुलामुलींसमोर उभे राहून शब्दांत मांडायचे आहे ते शिक्षकाने. त्या शिक्षकाच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर राजधानीने आजवर दिलेले नाही.

इतिहास तपासला तर शिक्षकाची धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. २००५ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. साहित्य छापले गेले, प्रशिक्षणे झाली. २००७ मध्ये त्यातील चित्रांवरून वादळ उठले आणि राज्याराज्यांनी हात झटकले. त्यात भाजपचे मध्य प्रदेश व गुजरात होते, तसेच काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे महाराष्ट्रही होते. एरवी कोणत्याही विषयावर एकमत न होणारे पक्ष या विषयापासून पळ काढण्यात मात्र एकत्र आले. पुढे एप्रिल २००९ मध्ये वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण देऊ नये, अशी शिफारस केली. ज्या शिक्षकांनी शासनाच्याच सांगण्यावरून ती पुस्तिका वर्गात नेली होती, त्यांच्या बाजूने कोणतेही शासन बोलले नाही. तो धडा शिक्षकवर्ग विसरलेला नाही.

तेव्हापासून राज्यकर्त्यांनी एक मधला मार्ग शोधला : काम चालू ठेवायचे, नाव बदलायचे. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. त्यानुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, ‘आरोग्यदूत’ म्हणून अकरा विषयांवर दर आठवड्याला तास घ्यायचा आहे. पोषण, व्यसने, मानसिक आरोग्य, इंटरनेटचा सुरक्षित वापर यांच्या जोडीला प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा विषयही त्यात आहे. योजना कागदावर उत्तम आहे. परंतु अकरा विषयांतील दहा शिकवून अकरावा वगळला, तर त्याची नोंद कोठेही होत नाही. शिकवला आणि एखाद्या पालकाने तक्रार केली, तर मात्र नोंद लगेच होते. अशा व्यवस्थेत शहाणा शिक्षक काय करील, हे सांगायला नको.

याची किंमत मुले मोजतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते आणि छळ करणारे बहुधा परिचयातलेच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रातही हे प्रमाण २१.९ टक्के होते. म्हणजे ‘मुलांना इतक्या लवकर कशाला सांगायचे’ असे म्हणणारा समाज त्याच वयाच्या मुलींना संसाराला लावत आहे. माहिती दिल्याने मुले बिघडतात हा आक्षेपही टिकणारा नाही. अशा शिक्षणाने लैंगिक संबंधांना लवकर सुरुवात होत नाही, हे युनेस्कोने २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांच्या आधारे नमूद केले आहे.

शिक्षकाची खरी कोंडी कायद्यापाशी होते. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाला ती अधिक कडक, एक वर्षापर्यंत कैदेची आहे. ही तरतूद आवश्यकच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणानंतर जो प्रक्षोभ उसळला, त्याचे एक कारण तक्रारीची दखल घेण्यात झालेली दिरंगाई हेच होते. परंतु हाच कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. सतरा वर्षांच्या मुलीने विश्वासाने शिक्षिकेला आपल्या समवयस्क मित्राविषयी सांगितले, तर त्या शिक्षिकेपुढे दोनच वाटा उरतात : पोलिसांत जायचे किंवा स्वतः गुन्हेगार व्हायचे. तिसरी वाट अनेकजणी निवडतात. ऐकूनच घ्यायचे नाही! विधी आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी न करता सोळा ते अठरा वयोगटातील प्रकरणांत न्यायालयांना विवेकाधिकार द्यावा, असे सुचविले. डॉक्टरांना तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलासा दिला : गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची व पालकांची विनंती असल्यास तिची ओळख उघड न करता कळविण्याची मुभा दिली. शिक्षकाच्या अडचणीचा तेवढाही विचार झालेला नाही.

हे अशक्य आहे असे मात्र नाही. झारखंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे राज्य सरकारने एका स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने ‘उडान’ या नावाने किशोरवयीन शिक्षण सरकारी शाळांत नेले आणि इतर राज्ये माघार घेत असताना ते टिकविले. कार्यक्रम राज्याचा स्वतःचा होता, तास वेळापत्रकात होता आणि शिकविणारे शाळेचेच, प्रशिक्षित शिक्षक होते. गरीब, आदिवासीबहुल राज्याला जे साधले, ते साधनसंपन्न राज्यांना का साधू नये?

महाराष्ट्राने तर या बाबतीत इतरांना शिकवायचे. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढणारे आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ चालविणारे रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला ते हरले. परंतु कर्वे एकटे नव्हते. आजच्या शिक्षकाला बाबासाहेबांची अपेक्षा नाही. त्याला शिक्षणाधिकाऱ्याची सही पुरेल.

ती सही म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. तास घेण्याचा लेखी आदेश, म्हणजे तक्रार आली तर उत्तर विभाग देईल, शिक्षक नव्हे. वर्ग सुरू होण्याआधी पालकसभा घेऊन साहित्य त्यांच्यापुढे ठेवणे. राज्य, जिल्हा, तालुका अशी उतरंड उतरताना पातळ होत जाणाऱ्या प्रशिक्षणाऐवजी सराव करून घेणारे आणि दरवर्षी उजळणी होणारे प्रशिक्षण. निनावी प्रश्न टाकण्यासाठी वर्गात एक साधी पेटी, म्हणजे मुलांचाही संकोच जाईल आणि शिक्षकालाही उत्तराची तयारी करता येईल. आणि एखादे मूल मन मोकळे करील, तेव्हा त्याच दिवशी सल्ला देऊ शकेल असा तालुक्यातील समुपदेशक. यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. मंत्रालयातील एका परिपत्रकाने आणि थोड्या तरतुदीने त्या होऊ शकतात. शिक्षण समवर्ती सूचीत, तर आरोग्य आणि पोलीस राज्यांकडे. त्यामुळे दिल्लीने मुंबईकडे आणि मुंबईने दिल्लीकडे बोट दाखविण्याची सोय आहे. ती सोय आता बंद झाली पाहिजे.

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण त्या फायलींवर शेरे लिहिणारे आहेत. ‘विषय संवेदनशील आहे, सध्या थांबावे’ हा शेरा या फाईलवर २००७ पासून कित्येक रूपांत पडत आला आहे. त्या वर्षी दहा वर्षांची असलेली मुलगी आज पालक झाली असण्याची शक्यता आहे. तिला शाळेत कोणी काही सांगितले नाही. तिच्या मुलीलाही सांगायचे नसेल, तर निदान तसा स्पष्ट शेरा मारण्याचे धैर्य तरी दाखवावे.