गोठ्यातले इंजिन

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा एक तरुण सकाळीच घरी आला. हातात गाडीचे जीर्ण नोंदणीपुस्तक होते. "काका, आजोबांची जीप विकावी म्हणतो. पुण्याचे एक गृहस्थ पाहून गेले. फोनवर म्हणाले होते, लष्करी जीप असेल तर मागाल ती किंमत देतो. बॉनेट पाहिले आणि निम्म्यावर आले. असे काय दिसले त्यांना?"

या सदरात जुन्या वाहनांविषयी लिहिण्याचा प्रमाद माझ्या हातून दोनदा घडला आहे. तेव्हापासून अशी कामे माझ्याकडे येतात. चहा घेऊन आम्ही उभयता त्यांच्या वाड्यात गेलो.

त्या घरात सर्वांची एक श्रद्धा आहे. ही जीप दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन सैन्याची. ती आजोबांनी डिस्पोजलच्या लिलावात घेतली. नातवाने त्या श्रद्धेला साजेसा पांढरा ताराही बॉनेटवर रंगवून घेतला होता. अशा घराण्याच्या कथेला हात लावताना संकोच वाटतो; पण पत्रा काही लपवीत नाही. महायुद्धातल्या जीपचे बॉनेट बसके आणि सपाट असते, समोरची काच दोन तुकड्यांची, सुकाणू डावीकडे. मागे उघडणारी फळी नसते; तिथे जादा चाक टांगलेले असते. दिव्यांना बिजागरी असते, ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. या गाडीचे सुकाणू उजवीकडे, काच अखंड, मागे फळी, आणि बॉनेट तर चांगले टोपीसारखे उंच. ही उंची 'सीजे-३बी' या नमुन्याची खूण होय. त्याच्या पेट्रोल इंजिनात एक झडप वरच्या बाजूस आल्याने इंजिन उंच झाले, आणि ते झाकण्यासाठी बॉनेट वाढवावे लागले. आपल्याकडे विलिस जीपची जुळणी मुंबईला माझगावात महिंद्रांनी सुरू केली. हीही त्यांचीच.

तरुणाचा चेहरा उतरला. "म्हणजे आजोबा थापा मारत होते?"

नोंदणीपुस्तकाला टाचलेली एक पिवळी पावती मी उलगडली. ती लष्करी डेपोच्या लिलावाची होती, १९७३ सालची. आजोबा थापा मारीत नव्हते. गाडी सैन्याचीच होती. सैन्य मात्र आपले होते. १० सप्टेंबर १९६५ रोजी असल उत्तरच्या उसाच्या शेतांत अब्दुल हमीद यांनी शत्रूचे रणगाडे फोडले, ते जीपवर बसविलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने. त्या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. असे असताना आपल्या छंदिष्ट मंडळींनी महिंद्राच्या जीपवर परक्या सैन्याचा तारा का रंगवावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

किंमत निम्म्यावर येण्याचे खरे कारण मात्र बॉनेटखाली होते. आत डिझेल इंजिन होते, १९८४ साली बसविलेले. त्या काळी याला सुधारणा म्हणत. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल आवाक्याबाहेर गेले. आमच्या बऱ्हाणपूर-रावेर आणि असीरगडच्या रस्त्यांवर भाडे मारणाऱ्या, केळीच्या बागांकडे मजूर नेणाऱ्या जीपांना पेट्रोल परवडेना. ज्याने डिझेल बसविले त्याच्या गाडीला दोन पैसे अधिक येत, आणि पेट्रोलची गाडी दाराशी उभी राही. आज नेमके उलटे झाले आहे. पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली नियंत्रणमुक्त झाले, दोहोंतील अंतर कमी झाले. मुख्य म्हणजे जीप विकत घेणारा माणूसच बदलला. त्याला गाडीकडून मजुरी नको आहे. तो रविवारी दहा कोस फिरणार आणि परत येऊन तिला पुसून ठेवणार. त्याला हवे आहे ते मूळ इंजिन, मूळ दिवे आणि जमल्यास मूळ बोल्टसुद्धा. अमेरिकेतील शौकीन तर फोर्डच्या युद्धकालीन जीपमध्ये बोल्टच्या माथ्यावर कोरलेले 'एफ' अक्षर शोधीत फिरतात. त्या देशात या गाडीने भावाची किती वळणे पाहिली! सरकारला ती सुमारे साडेसातशे डॉलरला पडली होती. युद्धानंतर लाकडी खोक्यात बंद असलेली कोरी जीप ५० डॉलरला मिळते अशा जाहिराती येत. कित्येक पोरांनी त्या आशेवर पैसे साठविले, जीप मात्र कोणास मिळाली नाही. आता चांगल्या स्थितीतील गाडीस वीस-तीस हजार डॉलर सहज पडतात. फिलिपाइन्समध्ये तर तिचे नवे पत्र्याचे सांगाडेही घडवितात, त्यामुळे 'मूळ' म्हणजे काय हा वाद वाढतच चालला आहे.

आपल्या मध्य प्रदेशापुरते पाहिले तरी हेच दिसते. जबलपूरला निसानच्या परवान्याने तयार झालेली जोंगा ही सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची गाडी. एका लिटरमध्ये चार-पाच किलोमीटर धावली तरी पुष्कळ. लिलावात ती घेणारा पहिले काम करी ते इंजिन उपटून भंगारात देण्याचे. १९९० च्या दशकाअखेर तिचे उत्पादन थांबले. पुढे २०१९ साली महेंद्रसिंह धोनी रांचीच्या रस्त्यांवर हिरवी जोंगा चालविताना दिसले आणि तोपर्यंत ठाऊक नसलेल्यांनाही ती हवीशी झाली. तिचाच जबलपूरकर थोरला भाऊ शक्तिमान ट्रक. १९५९ पासून तीन तपांहून अधिक काळ त्याने सैन्याचे ओझे वाहिले. पण त्याला कोण विचारतो? तो उभा करायला अंगण हवे, चालवायला अवजड वाहनाचा परवाना हवा. जी वस्तू घरी नेता येत नाही तिच्यावर प्रेम करणारे थोडेच.

कायद्यानेही आता मूळ रूपाच्या बाजूने कौल दिला आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुने वाहन 'विंटेज' म्हणून नोंदविता येते. प्रथम शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंतर ५,०००. पण सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावी. ज्याला ही वाट बंद, त्याने सामान्य नूतनीकरण करावे. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क २०२२ साली ६०० वरून ५,००० झाले, आणि वीस वर्षांवरील हलक्या वाहनास २०२५ पासून १०,००० झाले. म्हणजे ज्या जीपने चाळीस वर्षे घर पोसले, ती पोसण्यासाठी केलेल्या बदलामुळेच अपात्र. आणि जी मालकाच्या आळसाने झाडाखाली पडून राहिली, ती मानाची! नियम करणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणत नाही, मूळ रूपाचे जतन कुठेतरी व्हायलाच हवे. पण बऱ्हाणपुरात बसून हे जरा विचित्र वाटते खरे.

मी सहज विचारले, "जुने पेट्रोल इंजिन काय केले होते?"

तो थबकला. मग आम्हाला मागच्या गोठ्यात घेऊन गेला. जनावरे कधीच गेली. तिथे आता सरपण आणि पाण्याची टाकी आहे. टाकीच्या एका कोपऱ्याखाली, दगडाच्या जागी, ते इंजिन सरकवलेले होते. त्याची आई म्हणाली, "भंगारवाला दोनदा मागून गेला, भावजी. पण टाकी काढायची कोणी, म्हणून राहिले."

शनवाऱ्याहून म्हातारे मिस्त्री बोलावले. त्यांनी ते इंजिन तरुणपणी स्वतःच्या हाताने उतरविले होते. हात फिरवून ते एवढेच म्हणाले, "साब, ब्लॉक फटा नहीं है।" पिस्टन जाम आहेत, कार्ब्युरेटर नाही, आणि ते पुन्हा बसविल्यावरही परिवहन खात्याची समिती काय ठरवील हे आज सांगता येणार नाही. मी त्या तरुणाला इतकेच सांगितले की जीप विकायची तर खुशाल विक, पण इंजिन वेगळे विकू नकोस, आणि विकण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक पावतीशी ताडून पाहा.

ताऱ्यावर त्याने हिरवा रंग मारला आहे. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे गंजाखाली आहेत. मिस्त्रींनी त्यावर डिझेलमध्ये भिजविलेली चिंधी गुंडाळून ठेवली असून ती आठ दिवस काढायची नाही, असे बजावले आहे.