इमाम गझालींचे नादान दोस्त

गेल्या ईद-ए-मिलादच्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी 'इस्लाम आणि विज्ञान' या विषयावर व्याख्यान झाले. वक्त्यांनी इब्न सीना, इब्न रुश्द, अल ख्वारिझ्मी, इमाम गझाली अशी नावे घेतली आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने आपले सगळे विचार गझालींकडून चोरले, असेही त्यांनी सांगून टाकले. पुन्हा टाळ्या. मग मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची उभी राहिली. "जाणीव मेंदूतल्या पेशींमुळे निर्माण होते असं आम्हाला शिकवतात. मग रूह म्हणजे नेमकं काय समजायचं?" वक्ते हसून म्हणाले, "बेटी, असे सवाल ईमान कमजोर करतात." कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही, आणि हा लेख लिहिण्याचे निम्मे कारण तेच आहे.

ज्या गझालींच्या नावावर पाच मिनिटांपूर्वी टाळ्या वाजल्या, त्यांनी हाच सवाल याहून कितीतरी निर्दयपणे स्वतःला विचारला होता. 'अल मुन्किझ मिन अद्दलाल' या आत्मकथनवजा पुस्तकात तो सगळा प्रकार आहे. डोळ्यांना तारा एका दिनाराएवढा दिसतो, पण भूमिती सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हणजे इंद्रिये खोटे बोलतात. ठीक, मग अक्ल तरी खरे बोलते का? इंद्रियांचा खोटेपणा अक्लने पकडला, तसा अक्लचा खोटेपणा पकडणारा आणखी वरचा कुणी न्यायाधीश नसेलच कशावरून? स्वप्नात असताना स्वप्न खरेच वाटते. मग ही जागेपणीची जाणीव दुसऱ्या एखाद्या जागृतीच्या मानाने स्वप्न नसेल, याची हमी कोण देणार? जवळजवळ दोन महिने हा माणूस कशाचीच खात्री नसलेल्या अवस्थेत होता, आणि हे त्याने लपवले नाही. पुढे मोठा झाल्यावर, 'हुज्जतुल इस्लाम' म्हणून मान मिळाल्यावर, लोकांनी वाचावे म्हणून लिहून ठेवले. आमच्या वक्त्यांच्या हिशेबाने तर तेव्हाच त्यांचे ईमान संपायला हवे होते!

देकार्तने चोरी केल्याचा ठोस पुरावा कुणी दाखवलेला नाही. तो दाखवता आला असता तरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दोघे एकाच खड्ड्यात उतरले, पण बाहेर पडण्याच्या वाटा वेगळ्या. देकार्त युक्तिवादाच्या दोरीने वर आला. गझाली म्हणतात, मला कुठल्याही दलीलीने बाहेर काढले नाही, अल्लाहने छातीत टाकलेल्या नूरने काढले. हे मान्य करा किंवा करू नका, पण जाणिवेचा प्रश्न निव्वळ तर्काने सुटतो की नाही, हा वाद आजही विद्यापीठांत चालू आहे. १९९५ मध्ये डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने मेंदूचे काम समजणे आणि अनुभव मुळात असतोच का हे समजणे, या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आणि दुसरीला 'कठीण प्रश्न' म्हटले. माझी भाची तेच विचारत होती. तिने ईमानावर हल्ला केलेला नव्हता.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे येऊ. यांच्या मते गझाली म्हणजे मुस्लिम विज्ञानाचा खुनी. त्यांनी 'तहाफुतुल फलासिफा' लिहिले आणि मुसलमानांच्या डोक्यातला दिवा विझला. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनीही गझालींनंतर मुस्लिम देशांत नाव घेण्याजोगे विज्ञान उरले नाही, अशा अर्थाचे लिहिले आहे. समाजमाध्यमांवर आपले सुधारक मित्र हे वाक्य मोठ्या आवडीने फिरवतात. गझाली वारले ११११ मध्ये. नसीरुद्दीन तूसींची मरागाची वेधशाळा सुरू झाली १२५९ मध्ये. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डावीकडे जाते, हे लिहिणारे इब्न अन-नफीस तेराव्या शतकातले. चौदाव्या शतकातल्या इब्न अश-शातिरचे चंद्राच्या गतीचे गणित पुढे कोपर्निकसच्या पुस्तकात दिसते, आणि हा माणूस काम करत होता दमास्कसच्या उमय्यद मशिदीत, नमाजच्या वेळा ठरवणारा म्हणून. मशिदीच्या पगारावर! खून झालेला माणूस तीनशे वर्षे कामावर येत राहिला, असे मानायचे का?

आणि 'तहाफुत'मध्ये आहे काय? ग्रहण कसे लागते याचे गणित दीनच्या नावाने नाकारणारे दीनचेच नुकसान करतात, हे गझालींनी प्रस्तावनेतच बजावले आहे, आणि नादान दोस्तापेक्षा शहाणा दुश्मन बरा ही म्हणही तिथेच वापरली आहे. 'मुन्किझ'मध्ये गणिताविषयी लिहिताना हा नादान दोस्त पुन्हा येतो. फलसफ्यातले सगळेच ज्ञान नाकारले की इस्लामची सेवा झाली, असे समजणारा. त्याच्यामुळे गणिताचा पक्का पुरावा माहीत असलेला माणूस उलट असे समजू लागतो की इस्लामच अज्ञानावर उभा आहे. परवाच्या व्याख्यानात माझ्या भाचीसमोर हेच घडत होते. तर्कशास्त्राबद्दल तर गझालींचे म्हणणे असे की ज्याला ते येत नाही त्याच्या इल्मवर भरवसा ठेवू नये. दर्स-ए-निझामीत मन्तिक शिकवले जायचे, त्यामागे गझालींचे वजन आहेच.

म्हणजे गझालींचे सगळेच मला पटते असे नाही. 'तहाफुत'मध्ये त्यांनी वीस मुद्द्यांवर फलसफी लोकांना घेरले. सतरा मुद्द्यांवर त्यांना चुकीचे, बिदअती ठरवून थांबले. जग अनादी आहे, अल्लाहला एकेका वस्तूचे वेगळे ज्ञान नसते, आखिरतला शरीर पुन्हा उठत नाही, या तीन मतांवर मात्र थेट कुफ्रचा फतवा दिला. एवढ्या बारीक अक्लच्या माणसाने वादाच्या शेवटी काझीची तलवार का मागावी? इब्न सीनांशी भांडताना त्यांनी आधी फलसफ्याची बाजू इतकी नीट समजून घेतली की 'मकासिदुल फलासिफा' हे पुस्तक वाचून युरोपातले लोक त्यांनाच फलसफी समजले. इतके समजून घेतल्यावर फतव्याची गरज उरते कुठे? इब्न रुश्दांनी नेमके इथेच बोट ठेवले. अशा सैद्धांतिक बाबींत इज्मा नसतो, मग काफिर ठरवायचे कशाच्या आधारावर? हे विचारणारे इब्न रुश्द स्वतः कुर्तुब्याचे काझी होते. त्यांचे फिक्हवरचे 'बिदायतुल मुज्तहिद' आजही उलेमांच्या हाती असते. 'तहाफुतुत तहाफुत' मात्र सहसा दिसत नाही. ११९५ मध्ये त्यांनाही हद्दपारी भोगावी लागली. फतव्याची सवय लागली की ती पुढे कुणाच्या हातात जाईल, हे लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

इब्न सीनांचा एक विचारप्रयोग आहे. असा माणूस कल्पा, जो एकदम पूर्ण वाढलेला निर्माण झाला, हवेत तरंगतो आहे, डोळे झाकलेले, हातपाय पसरलेले, एका अवयवाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. त्याला शरीर असल्याचेच ठाऊक नाही. तरी 'मी आहे' हे त्याला कळेल का? इब्न सीना म्हणतात, कळेल. यावर उलटा सवालही करता येतो: शरीर जाणवत नाही म्हणून शरीराशिवाय 'मी' असू शकतो, हे कसे सिद्ध झाले? हा वाद दहावीच्या वर्गातही रंगेल. आम्ही मात्र व्यासपीठावर 'इब्न सीना महान' म्हणून पुढच्या नावाकडे वळतो. नाव घ्यायला अर्धे मिनिट पुरते, त्यांच्याशी भांडायला पुस्तक उघडावे लागते. गझालींनी ते उघडले होते.

व्याख्यानानंतरच्या रविवारी मी 'मुन्किझ'चा उर्दू तर्जुमा भाचीला दिला. तिला उर्दू सावकाश वाचता येते, म्हणून अडलेले शब्द ती फोनवर विचारते. परवा रात्री उशिरा फोन आला. मला वाटले शब्दच विचारणार.

"मामू, त्यांच्या छातीत नूर आला, हे वाचलं. पण ज्याच्या छातीत येत नाही, त्याने काय करायचं?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. अजून करतो आहे.