हाक आणि अर्ज

दुसऱ्या महायुद्धात डॉ. आंबेडकरांनी महार तरुणांना सैन्यात भरती होण्यास सांगितले, ही राजनिष्ठा होती, असे आजही बेफिकीरपणे लिहिले जाते. नोव्हेंबर 1938 मध्ये संपाच्या हक्कासाठी कामगार मैदानावर उभा राहणारा नेता 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण परिषदेवर जातो, एवढी 'विसंगती' दाखवली की टीकाकाराचे काम संपते. या मंडळींना परळचा दामोदर हॉल ठाऊक असतो. दापोलीचे पेन्शनर मात्र त्यांच्या वाचनात कधी आलेले नसतात.

कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली गेली, त्यांचेच वंशज 1890 नंतरच्या काही वर्षांत 'लढवय्ये नव्हेत' असे ठरले आणि महारांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. अर्जांनी दार उघडले नाही. ते युद्धाने उघडले. माणसे कमी पडू लागली तेव्हा, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच 1921 मध्ये मोडली. ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला पुन्हा महार रेजिमेंट! या पन्नास वर्षांत शौर्य कमीजास्त झाले नव्हते. सरकारची गरज तेवढी बदलत होती.

सुभेदार रामजींच्या मुलाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दापोली, सातारा आणि मग परळची डबक चाळ असा त्या पेन्शनर कुटुंबाचा प्रवास. रामजी लष्करी शाळेत शिकवीत. पलटणीत शिपायांच्या मुलांना शाळा होती. भरती बंद होणे म्हणजे पगार आणि निवृत्तिवेतन जाणे, आणि त्याहून मोठे म्हणजे शाळा जाणे. युद्धात हाक आली असता आंबेडकरांनी स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला, तो याच अनुभवातून. हाक मारणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता, असे यातून कसे काय सिद्ध होते?

आपल्या अभ्यासक्रमात दलित गद्य साठोत्तरी मुंबईत जन्मते. (कथा-आत्मकथनांपुरते ते ठीकच.) पण वलंगकरांचा अर्ज गद्य नव्हे काय? अर्जदाराची नम्रता सांभाळत तो कंपनी सरकारच्या काळापासूनच्या चाकरीचा दाखला देतो आणि कृतघ्नतेचा जाब विचारतो. खैरमोड्यांनी जपलेल्या कागदांमुळे तो आपल्यापर्यंत आला. इतिहासाचे विद्यार्थी तो वाचतात. मराठीच्या वर्गात तो अद्याप कोणी उघडल्याचे मी पाहिलेले नाही.