हाडे जपली, दातांचे काय?

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण जाहीर केले. त्यातील यादीत ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार, समाविष्ट आहे आणि त्यावरील उपचार म्हणून बिस्फॉस्फोनेट या औषधगटाचे नाव आहे. २०२२ मध्ये उत्कृष्टता केंद्रांतील उपचारांसाठीच्या मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र त्या नोंदीत या मुलांच्या दातांना जागा नाही.

साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. बहुतेक रुग्णांत पहिल्या प्रकारचे कोलॅजेन घडवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात दोष आढळतो. हेच कोलॅजेन दाताच्या आतील डेंटिनचाही पाया आहे. त्यामुळे काही मुलांचे दात तपकिरी किंवा निळसर करडे दिसतात, वरच्या इनॅमलचे टवके उडतात आणि उघडे पडलेले डेंटिन झपाट्याने झिजते. आजार तीव्र असेल तर वरच्या जबड्याची वाढ अपुरी राहते, खालचा जबडा पुढे आल्यासारखा दिसतो आणि दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. घास तोडणे आणि चावणे अवघड होते. अशा मुलाचे दात जुळवणे ही सौंदर्याची हौस मानता येणार नाही.

खरा पेच पुढे आहे. तारेच्या दाबाने दात सरकतो, कारण दाबाच्या बाजूचे हाड ऑस्टिओक्लास्ट पेशी विरघळवतात आणि ताणाच्या बाजूला नवे हाड तयार होते. बिस्फॉस्फोनेट नेमके ऑस्टिओक्लास्टनाच आवरते. म्हणून तर अस्थिभंग कमी करण्यासाठी ते दिले जाते. परिणामी मांडीचे हाड ज्या औषधाने सावरते, त्याच औषधाने दाताची हालचाल मंदावू शकते. शिवाय हे औषध हाडात वर्षानुवर्षे टिकून राहते. तारा लावण्यापूर्वी काही आठवडे ते थांबवले की प्रश्न सुटला, असे होत नाही.

दुसरी अडचण ब्रॅकेटची. नाजूक दातावर चिकटवलेले ब्रॅकेट काढताना इनॅमलच निघून येण्याची भीती असते. त्यामुळे अशा मुलांसाठी काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक अलाइनरचा पर्यायही वापरून पाहिला जात आहे. ज्यांचे डेंटिन निरोगी आहे, त्यांच्यावर हलका दाब आणि अधिक सबुरी ठेवून नेहमीचे उपचारही करता येतात.

हाडे वारंवार मोडत असताना दातांची चिंता कशाला, असा आक्षेप येईल. तातडीच्या दृष्टीने तो रास्त आहे, परंतु काळाच्या दृष्टीने चुकीचा आहे. जबड्याच्या वाढीला दिशा देण्याची संधी बालपणीच असते. ती हुकली, तर पुढे शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो आणि ठिसूळ हाडांच्या रुग्णासाठी तो अधिक जोखमीचा असतो. म्हणून औषधाच्या पहिल्या सलाइनपूर्वीच दंततपासणी व्हावी, काढावे लागणारे दात शक्यतो आधी काढावेत आणि औषधाची प्रत्येक मात्रा दंतवैद्यालाही कळवली जावी.

यासाठी नवी इमारत लागत नाही. दिल्लीचे एम्स आणि चंडीगडची पीजीआय ही दोन्ही उत्कृष्टता केंद्रे आहेत आणि दोन्हींकडे स्वतःची दंतवैद्यक केंद्रेही आहेत. हाडांची आणि दातांची फाइल एकाच टेबलावर आणणे आणि धोरणातील या आजाराच्या नोंदीत दंतोपचारांची भर घालणे, एवढेच करायचे आहे. मोडलेले हाड क्ष-किरणात लगेच दिसते. चावता न येणाऱ्या मुलाचे अर्धवट जेवण मात्र कोणत्याही चित्रात उमटत नाही. धोरणाने त्याचीही दखल घ्यायला हवी.